उघडं लोखंड

"१८ नोव्हेंबर, गुरुवार. हवा कोरडी, सकाळी थोडं धुकं. दूधवाला उशिरा आला, दूध पातळ. शिंपीणकाकूंकडून उशांचे अभ्रे शिवून आले, एकाची शिवण वाकडी, परत पाठवला. पुलाच्या चौकशीचा अहवाल आज वर्तमानपत्रात आला. ह्यांनी तो बाहेरच्या खोलीत उभ्यानंच वाचला. मग स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढून अंगणात नेलं आणि खरवडायला घेतलं. जेवले नाहीत. लेकीच्या खोलीतली खिडकी पुसली."

एवढं लिहून तिनं पेनाला टोपण घातलं. शाळेत सिस्टरांनी असंच शिकवलं होतं. आधी तारीख, मग हवा, मग दिवसभरात काय झालं ते. मनात काय आलं ते लिहायचं नसतं, मन दर तासाला बदलतं. ती शिकवण तिनं लग्नात पाळली, बाळंतपणात पाळली, आणि उन्हाळ्यात लेक गेली त्या दिवशीही पाळली. म्हणून तिच्या वहीत हे कुठे लिहिलेलं नाही, की त्या सकाळी नवऱ्यानं अहवाल पुन्हा पुन्हा वाचला, कागद उलटापालटा करून पाहिला, आणि शेवटी विचारलं, "अगं, माझं नाव कुठेय?"

"कशाला हवंय नाव?"

"हे बघ, काय लिहिलंय. 'देखभालीचा अभाव.'" त्यानं बोट ठेवलं. नखाच्या कडेला तांबडा रंग होता, कितीही घासला तरी न जाणारा. "अभाव कुठे होता? मी रोज होतो की तिथे."

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडात यायच्या आधीच ती गिळून टाकायची. उन्हाळ्यापासून तेच चाललं होतं.

त्या नखांमुळे पुलावरचे सगळे त्याला तांबड्या म्हणत. लोखंडावर हिरवा रंग चढवायच्या आधी तांबड्या रंगाचा हात द्यावा लागतो, आणि तो हात त्यानं जन्मभर दिला. आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे उमेदवारीला होता. तिथून त्याला हाकललं, कारण एका पाटीची मागची बाजू रंगवण्यात त्यानं अख्खा दिवस घालवला. मालक म्हणाला, "अरे, ती भिंतीला लागणार! मागून कोण बघणारे, पाल?" तो म्हणाला, "पाऊस बघतो." मालकानं त्याला ब्रशासकट रस्त्यावर काढलं. ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा, आणि मालकाचा आवाज काढताना पोट धरून हसायचा.

मग पूल मिळाला. नदी रुंद होती. अलीकडे वस्ती, पलीकडे कारखाने आणि मोठा दवाखाना. मध्ये दगडी खांबांवर टाकलेला जुना लोखंडी पूल. एका टोकापासून रंगवायला घ्यायचं, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचे पोपडे सुटलेले असायचे. की पुन्हा मागे. पट्ट्याला लटकून, पायाखाली पाणी, खिशात पाव आणि उकडलेलं अंडं. लग्न झालं तेव्हा ती म्हणाली होती, "तुमच्या त्या सवतीला सारखे नवे कपडे, आणि मी इथे ठिगळं लावत बसलेय!" तो म्हणाला, "तिचं वय बघ. या वयात कोण देणार तिला कपडे?"

एक गोष्ट त्याला बघवत नसे, ती म्हणजे उघडं लोखंड. कुठे एखादा खिळा, एखादी कडी रंगाशिवाय दिसली की त्याचा जीव खालीवर व्हायचा. घरात त्यानं स्टुलांची खालची बाजू रंगवली, खणांची आतली बाजू रंगवली, कपाटाची पाठ रंगवली. खिडक्यांच्या चौकटींवर तर इतके थर चढले की निम्म्या खिडक्या जागच्या हलेनाशा झाल्या.

"अहो, ही उघडत नाहीये."

"जरा जोर लाव की."

"जोर लावून माझा हात निखळेल, ती नाही उघडणार."

शेजारच्या शिंपीणकाकू म्हणत, "तुमच्या घरात चोर शिरायचा नाही, पण मेला वाराही शिरायचा नाही!" आणि तो हे कौतुकच समजून मान डोलवायचा.

पुलावर एक म्हातारा मिस्त्री होता. पलीकडच्या टोकाला, शेवटच्या दगडी खांबावर, पुलाच्या पोटाखाली लोखंडाचे जाड रूळ बसवलेले होते, लाटण्यासारखे. उन्हात लोखंड लांबतं, थंडीत आखडतं. पूल उन्हाळ्यात अंग ताणतो, तेव्हा तो त्या रुळांवरून हळूच पुढे सरकतो, आणि थंडीत मागे येतो. म्हणून ते रूळ सतत मोकळे हवेत, वंगणात न्हालेले हवेत. मिस्त्री ते काम कोणाला करू देत नसे. हातात ग्रीसचा डबा घेऊन स्वतः खाली उतरायचा. तांबड्या ब्रश घेऊन जवळ गेला की मिस्त्री ओरडायचा, "ए रंगोबा! इकडे फिरकलास तर नदीत ढकलीन! हे माझं देवघर आहे!" सगळे हसायचे. तोही हसायचा. का फिरकायचं नाही, ते मिस्त्रीनं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्याचं देवघर देवघर राहिलं नसतं.

मिस्त्री निवृत्त झाला. त्याच्या जागी कोणी नेमलं नाही. कचेरीत कोणीतरी म्हणालं असेल, ग्रीस लावायला माणूस कशाला हवा. मग एकदा रंगवत रंगवत तांबड्या त्या टोकाला पोचला आणि खाली उतरला. रूळ काळ्या, वाळक्या चिकटपणात बुडालेले, त्यावर धूळ, कबुतरांची घरटी, आणि मधूनमधून गंज. त्याला भडभडून आलं. संध्याकाळी घरी येऊन सांगत होता, "काय अवस्था केली होती म्हाताऱ्यानं! देवघर म्हणे! एखाद्या पोराला आंघोळ न घालता ठेवावं तसं ठेवलं होतं."

त्यानं ते सगळं खरवडून काढलं. घासून लखलखीत केलं. तांबड्याचा हात दिला, त्यावर हिरवा. रुळांच्या मधल्या फटींत पाणी साचू नये म्हणून लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, भरली, आणि पुढच्या खेपेला, लांबी उकलली होती तिथे सिमेंट. कचेरीतले साहेब एकदा बोटीतून पाहणी करायला आले आणि खालूनच मान वर करून म्हणाले, "वा! इतकं स्वच्छ तर आमचं स्वयंपाकघर नसतं." त्या दिवशी तो उड्या मारत घरी आला होता. तिच्या हातातली पिशवी काढून घेऊन म्हणाला, "आज मी बटाटे सोलतो." आणि सालांबरोबर निम्मे बटाटेही सोलून टाकले.

त्यानंतर तो दर फेरीला तिथे उतरायचा आणि आणखी एक थर द्यायचा. दगडी खांबाच्या माथ्यावर एक बारीक चीर दिसू लागली होती, तीही तो बुजवायचा. पुढच्या वर्षी ती पुन्हा दिसायची. त्यानं कचेरीत सांगितलंही. कचेरीनं सांगितलं, "भरून टाक." त्यानं भरून टाकली.

त्यांना एकच लेक. घरात तिला बारकी म्हणत, ती बापाच्या डोक्यावरून दिसेल इतकी उंच झाल्यावरही. परिचारिकेची परीक्षा पास होऊन ती पलीकडच्या दवाखान्यात लागली, तेव्हा त्यानं तिला एक जुनी सायकल आणून दिली. आणून दिली ती गंजकी. दिली तेव्हा मोरासारखी निळी. सांगाडा निळा, मडगार्ड निळे, टोपली निळी, आणि हँडलवरची घंटीसुद्धा निळी, तिची वाटी, तिची कळ, सगळं.

दुसऱ्या दिवशी बारकी बाहेरूनच ओरडत आली. "आई! बाबा कुठेयत? रस्त्यात एक म्हातारबाबा माझ्या चाकाखाली येता येता वाचले!"

"घंटी नाही वाजवलीस?"

"वाजेल तर ना! बाबांच्या रंगानं तिचा गळाच धरलाय. कळ हलतच नाही. मी तोंडानंच ट्रिंग ट्रिंग करत आले, लोक माझ्याकडे बघून हसत होते."

तो मोरीतून ओले हात पुसत आला. कळ दाबून पाहिली. ती जागची हलली नाही. "रंग जरा जास्त झाला," असं म्हणून त्यानं रॉकेलात फडकं बुडवलं आणि टेकून बसून कळीच्या सांध्यातला रंग काढला, मग एक थेंब तेल. घंटी वाजली. बारकीनं टाळ्या वाजवल्या आणि वाकून त्याच्या टकलाचा मुका घेतला. "बाबा, एक काम करा. जे हलायला हवं ते तेवढं सोडून द्या, बाकी सगळं जग रंगवा!"

तिघंही हसली. त्या हसण्यात बारकीची आईही होती. पुलाखालचे रूळ तेव्हा तिलाही आठवले नाहीत.

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ पुलावरून जाताना बारकी घंटी वाजवायची, आणि कुठूनतरी पट्ट्याला लटकलेला तो ब्रश हलवायचा. वारा उलटा असला तर ती ओरडायची, "बाबा, नाकाला रंग लागलाय!" तो नाक पुसायचा आणि हातावरचा रंग नाकाला लागायचा. रोजचंच होतं ते.

पूल पडला तो उन्हाळा सगळ्यांच्या आठवणीत होता. रस्त्यांचं डांबर पायाला चिकटायचं. पुलानं अंग ताणायला घेतलं आणि त्याला ताणायला जागा नव्हती. इतकी वर्षं तो दर उन्हाळ्यात त्या खांबाच्या माथ्याला ढकलत आला होता, दर थंडीत ओढत आला होता, आणि त्या दुपारी, कारखान्याचे भरलेले ट्रक जात असताना, चीर पडलेला माथा सुटला. पलीकडचा, दोन खांबांमधला शेवटचा गाळा दगडावरून घसरला आणि नदीत गेला.

ती तेव्हा दोरीवरचे कपडे काढत होती. लांब कुठेतरी भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज आला. तिला वाटलं, शिंपीणकाकूंकडे काहीतरी पडलं. तो अलीकडच्या टोकाला, सावलीत, रंग कालवत उभा होता. त्यानं पाहिलं. काय पाहिलं ते तो कधी बोलला नाही, आणि तिनं विचारलं नाही. बारकीची दवाखान्यातली पाळी सुटली होती, ती सायकलवरून घरी येत होती.

दफनाच्या दिवशी, माणसं निघून गेल्यावर, तो तिला म्हणाला, "ते रूळ मी बुजवले होते."

ती म्हणाली, "असं काही बोलू नका. तुमची काही चूक नाही."

तिला ते म्हणायचं होतं म्हणून ती म्हणाली नव्हती. कोणी दुःखात काही बोललं तर आपण चांगलं बोलावं, अशी तिला सवय होती. पण ते वाक्य एकदा घरात शिरलं आणि मग निघेना. पाहुणे तेच बोलले. शेजारी तेच बोलले. प्रार्थनेला आलेले पाद्री तेच बोलले. जुना मिस्त्री काठी टेकत आला आणि दारातच रडायला लागला. "अरे, माझं चुकलं. मी तुला सांगितलं नाही. माझ्या मस्तीत राहिलो."

"नाही, मिस्त्री, ग्रीस मी काढलं."

"मी बोललो असतो तर तू काढलं असतंस का?"

"पण तुम्ही बोलला नाहीत आणि मी काढलं ना!"

हॉटेलात पैसे कोणी द्यायचे यावरून दोन पाहुणे भांडावेत तसे ते भांडत राहिले. शेवटी मिस्त्री म्हणाला, "तुझी काही चूक नाही," आणि निघून गेला. थंडी पडायच्या आधीच मिस्त्री वारला.

तेव्हापासून तांबड्यानं घर खरवडायला घेतलं. पत्र्याचा तुकडा, काचेचा तुकडा, पॉलिश पेपर. स्टुलं, कपाटं, दारं. आतलं लाकूड, आतलं लोखंड दिसेपर्यंत. अंगणात रंगाच्या पापुद्र्यांचा सडा पडायचा, तिला रोज झाडायला लागायचा. शिंपीणकाकू कुजबुजल्या, "अहो, डॉक्टरला दाखवा." ती म्हणाली, "काम केलं की बरं वाटतं त्यांना." त्याला बरं वाटत नव्हतं हे तिला दिसत होतं.

अहवाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. ती बरोबर होती. साहेब उठून उभे राहिले, चहा मागवला, तिला खुर्ची दिली.

"साहेब, ते देखभालीचा अभाव असं जे लिहिलंय, ते बदलायला हवं. मी रंग दिला म्हणून रूळ अडकले. तसं लिहा."

"काका, तुम्ही घरी जा. विश्रांती घ्या. तुमचं काय चुकलं? तुम्ही तर आमचे सगळ्यात मेहनती माणूस."

"तेच म्हणतोय मी."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आवरा जरा यांना, अशा नजरेनं. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि नवऱ्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

चौकशी करणाऱ्या इंजिनियरबाई अजून दवाखान्याजवळच्या विश्रामगृहात होत्या, सामानाची बांधाबांध चालली होती. वयानं बारकीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी कागदांचं खोकं बाजूला सरकवलं आणि दोघांना पलंगावर बसवलं. घाई केली नाही. त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"काका, एका कारणानं पूल पडत नाही," त्या म्हणाल्या. "जगात कुठेही. वंगण बंद झालं, पाहणी लांबून झाली, पुलाच्या वयाला झेपणार नाहीत असे ट्रक सोडले, चीर कळली तरी भरून टाका म्हणाले. तुमचा रंग ही त्या साखळीतली एक कडी. एका मोठ्या हॉटेलात वरच्या मजल्यांवरचे पूल कोसळले, शंभरावर माणसं गेली. का, तर दोन पूल एका लांब सळईला टांगायचे होते, त्याऐवजी दोन आखूड सळया घातल्या. काम सोपं व्हावं म्हणून. बदल कोणी सुचवला, कोणी मान्य केला, कोणी तपासला नाही, असे कितीतरी हात त्यात होते."

तो नखाच्या कडेचा तांबडा रंग खरवडत राहिला.

"फार पूर्वी खाडीवरचा एक रेल्वेपूल वादळात पडला, गाडीसकट. एकही माणूस वाचला नाही. त्यात नक्षा कच्चा होता, वाऱ्याचा हिशेब नीट केला नव्हता, बांधणी ढिली होती. आणि त्याचे खांब ओतीव लोखंडाचे होते, ओतताना त्यांत भोकं राहायची. तर ओतशाळेतली माणसं मेण, लोखंडाचा कीस आणि काजळी यांचा लगदा करून ती भोकं बुजवायची, वरून घासायची, की खांब नवाकोरा दिसायचा."

आता त्यानं मान वर केली. "त्या माणसांना विचारलं का?"

"कोणाला?"

"भोकं बुजवणाऱ्यांना. चौकशीत बोलावलं का?"

 "हो. ओतशाळेतल्या माणसांच्या साक्षी झाल्या होत्या."

"मग मला का नाही बोलावलं?"

 त्या खाली बघत म्हणाल्या, "तुमची मुलगी त्यात गेली, काका. आम्हाला वाटलं, तुम्हाला आणखी त्रास कशाला."

तो उठला, त्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडला. परतीच्या बोटीत तो एवढंच म्हणाला, "त्यांना निदान विचारलं तरी." तिनं नदीकडे पाहिलं. तिच्या घशात आलेलं तिनं पुन्हा गिळलं. तिला भीती होती. एकदा तोंड उघडलं तर आपण थांबणार नाही, आणि मग या माणसाबरोबर एका घरात राहता येणार नाही. उरलेलं माणूस हे एकच.

थंडी सरत आली तोवर घरातला सगळा रंग उतरला होता. खिडक्या आता सहज उघडत, आणि गार वारा सगळीकडून आत येई. राहिली होती ती फक्त सायकल. नदीतून वर काढलेली, चाक वाकलेलं, मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेली. तिला दोघांपैकी कोणीही हात लावत नसे. ती कपडे वाळत घालताना सायकलीकडे पाठ करून उभी राहायची.

एके दुपारी ती बाजारातून आली तर तो जमिनीवर बसला होता आणि सायकल त्याच्या मांडीवर आडवी होती. रॉकेलची बाटली उघडी. तो फडक्यानं घंटी पुसत होता, कळ दाबत होता, पुन्हा पुसत होता. निळ्या रंगाखालून गंज निघत होता.

"आत या," ती म्हणाली.

"हिला वाजवता यायला हवं." त्याचा हात थांबला नाही. "तू आत जा. माझी काही चूक नाही, मला माहितेय. सगळे सांगतात."

तिनं पिशवी खाली ठेवली. एक बटाटा बाहेर पडून घरंगळत गेला, तिनं तो उचलला नाही. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. गुडघे दुखत असल्यानं ती वर्षानुवर्षं अशी खाली बसली नव्हती.

"ही घंटी अडकली होती तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

त्यानं मान वर केली. "रंग जास्त झाला म्हणालो."

"आणि बारकी काय म्हणाली?"

त्याचे ओठ हलले. "जे हलायला हवं ते सोडून द्या."

"मग दुसऱ्या दिवशी पुलावर गेलात तेव्हा का नाही आठवलं?"

"नाही आठवलं."

"आठवायला हवं होतं!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. भिंतीपलीकडे शिंपीणकाकूंचं मशीन थांबलं. थांबू दे, तिला वाटलं. "घरातली एक खिडकी धड उघडत नव्हती. मी रोज कानीकपाळी ओरडत होते. जोर लाव म्हणत होतात! पोरीनं तुमच्या तोंडावर सांगितलं. साहेबाच्या हातानं झालं, मिस्त्रीच्या गप्प बसण्यानं झालं, सगळ्यांच्या हातानं झालं, मला माहीत आहे ते सगळं. पण तुमच्याही हातानं झालं. ह्या हातानं. माझी पोर ह्या हातानं गेली."

ती थांबली. आता तो उठून जाईल, किंवा काही फेकेल, किंवा गप्प बसेल आणि मग कायमचा गप्प बसेल, असं तिला वाटलं.

तो म्हणाला, "हो ना?"

एवढंच, आणि असं, जसं कोणी खूप दिवस हरवलेली वस्तू दाखवून विचारावं, हीच ना तुझी? मग त्याचं तोंड वाकडं झालं. उन्हाळ्यापासून तो रडला नव्हता. दफनाच्या वेळी नाही, मिस्त्री आला तेव्हा नाही. आता तो सायकलीवर वाकला आणि त्याच्या पोटातून असा आवाज निघाला की तिनं दोन्ही हात पुढे केले. मध्ये सायकल होती. हँडल तिच्या बरगडीत रुतत होतं. तरी तिनं त्याला धरलं.

"माझ्या हातानं गेली," तो म्हणत राहिला. "आपली बारकी. माझ्या हातानं."

"हो," ती म्हणाली. दर वेळी तो म्हणाला, तेव्हा ती हो म्हणाली. तुमची चूक नाही, असं एकदाही म्हणाली नाही. आणि म्हणता म्हणता तिलाही रडू फुटलं, वहीत कुठेही न लिहिलेलं, उन्हाळ्यापासून साठलेलं सगळं.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा त्यानं नाक पुसलं, बाहीनं, लहान मुलासारखं. मग दोघं मिळून त्या घंटीशी बसली. तो दाबायचा, ती फडक्याचं टोक सांध्यात सरकवायची. ती घंटी वाजली नाही. पाणी फार आतपर्यंत गेलं होतं. त्यानं ती काढायचा प्रयत्न केला, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. तशीच राहू द्या." सायकल त्यांनी आत आणली आणि बारकीच्या खोलीत ठेवली.

त्यानंतर तो चार वर्षं जगला. ब्रश त्यानं पुन्हा धरला नाही. नवा पूल झाला, तेव्हा मात्र तो दर काही दिवसांनी काठी घेऊन पलीकडच्या टोकाला जायचा. नव्या पुलाखाली रूळ नव्हते, काळ्या रबरी गाद्या होत्या, पण तिथे रंगवणारी पोरं होती, आणि ती त्याला लांबून बघूनच ओळखत. "आले, आजोबा आले." तो कठड्याला टेकून त्यांना सांगायचा, इथे का रंग द्यायचा नाही, पुलाला अंग का ताणावं लागतं, आणि एका रंगाऱ्यानं काय केलं होतं. तो रंगारी मीच, हेही सांगायचा. पोरांना आधी तो मस्करी करतोय असं वाटायचं. मग ती ब्रश खाली ठेवत. तो घरी येऊन म्हणायचा, "आज ऐकलं त्यांनी." तेवढ्या दिवसापुरता तो बरा जेवायचा.

पण ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी तिनं गरम पाणी करून दिलं, त्यानं हात धुतले. ती पडलेला बटाटा शोधून घेऊन आली. दिवा लावून, चष्मा पुसून ती वहीपाशी बसली. शाईच्या पेनाचं टोक कोरडं झालं होतं, ते दोनदा झटकलं.

"२ मार्च, बुधवार. हवा गार, दुपारी ऊन. बाजारात चांगले बटाटे मिळाले. संध्याकाळी दोघं जेवलो. ह्यांनी दोनदा वाढून घेतलं. रॉकेल संपलं, उद्या आणायचं."